समोरच्या माणसाचा घाम

मला बुद्धिबळ माझ्या भावानं शिकवलं, आणि तेही त्याच्या गरजेपोटी. जालना रोडवर मोटरसायकलवरून पडून त्याचा पाय मोडला होता. अख्खा उन्हाळा तो करमाडच्या घरात खाटेवर पडून होता. वडील मेंढरं घेऊन रानात, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला, घरात मी आणि तो. त्याला हरवायला कुणीतरी पाहिजे होतं, म्हणून त्यानं मला शिकवलं. मी हरत राहिले. मग एका दुपारी मी त्याचा वजीर मारला. त्यानं पटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बघून मारला का चुकून?"

"बघून."

त्यानं सगळे मोहरे डब्यात कोंबले आणि भिंतीकडं तोंड करून झोपून गेला. पाय बरा झाल्यावर त्याचा खेळ सुटला. माझा सुटला नाही.

पुढं डिप्लोमा केला, लग्न झालं, शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागले. गाड्यांना लागणारे रबरी भाग तपासायचं माझं काम. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात पट मांडलेला असायचा. सुरुवातीला मी नुसती उभी राहून बघायचे, मग एकदा कुणीतरी म्हणालं, बसा मॅडम. मेंटेनन्सच्या साहेबांनी माझा खेळ बघितला आणि त्या वर्षी कंपनीच्या संघात माझं नाव घातलं. ते संघाचे कप्तान होते. मला विचारलंसुद्धा नाही, नोटीस बोर्डावर नाव वाचून मला कळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. मला चार लोकांसमोर काही करायची लहानपणापासून धास्ती आहे. हात गार पडतात. कॅन्टीनमध्ये ठीक असतं, डबा उघडा असतो, कुणी हसतं, कुणी मध्येच फोनवर बोलतं. स्पर्धेत सगळे गप्प असतात आणि शेजारी घड्याळ चालू असतं. ती शांतता मला सोसत नाही.

स्पर्धा कारखाने, बँका, कचेऱ्या असल्या संघांची होती. औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या संस्थेच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल घेतला होता. खाली पुस्तकांची आणि औषधांची दुकानं, वर लांबच लांब टेबलं आणि त्यावर पट. एका संघाचे चौघे दुसऱ्या संघाच्या चौघांसमोर बसायचे. प्रत्येकानं आपापला डाव खेळायचा आणि चौघांचे गुण मिळून संघाचा निकाल. याच गोष्टीचा मला जास्त धसका होता. एकटी हरले तर घरी येऊन रडता येतं. इथं हरले तर दुसऱ्या तिघांच्या मेहनतीवर पाणी पडणार.

पहिल्या दिवशी मी कशीबशी तरले. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, शेवटची फेरी होती आणि आमच्यासमोर एका बँकेचा संघ. दोन्ही संघांचे गुण सारखे. जो जिंकेल त्याचा करंडक. मी तिसऱ्या पटावर होते. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

समोर एक काका येऊन बसले. पन्नाशीच्या पुढचे, अंगानं भरलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. खुर्ची ओढताना म्हणाले, "गावाकडच्या दिसता ताई. कुठल्या?"

"करमाड."

"अरे, मग शेजारचेच की आपण. आमची शेती हाय तिकडं. भाऊ बघतो." मग पंचांनी घड्याळं सुरू करायला सांगितली आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. त्यांचा हात कोरडा होता, कोमट होता. हे मला नक्की आठवतं, कारण माझा हात बर्फासारखा होता आणि त्याची मला लाज वाटली होती.

डाव सावकाश चालला. काका जपून खेळणारे होते. घाई नाही, डावपेच नाही, एकेक मोहरा नीट जागेवर आणून ठेवायचा आणि समोरच्याची चूक व्हायची वाट बघायची. मी चूक केली. मधल्या प्याद्याकडं लक्ष देता देता कडेचं एक प्यादं गेलं. तोंडाची चव गेली. मान वर करून बघायचं धाडस होईना, कारण मागं आमचे साहेब उभे असणार हे मला माहीत होतं.

बाकीचे डाव हळूहळू संपत गेले. आमच्या पहिल्या पटावरचा मुलगा हरला. दुसऱ्या पटावर आमचा विजय झाला. चौथ्या पटावर बरोबरी. म्हणजे दोन्ही बाजू समसमान, आणि उरला फक्त माझा डाव. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. दोन्ही संघांचे लोक, आधी खेळून मोकळे झालेले इतर संघांचे लोक, सगळे आमच्या टेबलाभोवती गोळा झाले. कुणाच्या तरी तोंडाला गुटख्याचा वास येत होता. मला वाटलं, आता मी चक्कर येऊन पडणार.

तेव्हा मी पहिल्यांदा काकांकडं नीट बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. वाटलं, यांनापण टेन्शन आलंय. म्हणजे माझी बाजू मी समजते तेवढी वाईट नसंल. मी पुन्हा पटात डोकं घातलं. माझा हत्ती आणि घोडा होता, त्यांचा हत्ती आणि उंट. त्यांचं कडेचं प्यादं मोकळं झालं होतं, ते पुढं सरकायला लागलं की मला आवरणं कठीण. पण माझा घोडा त्यांच्या राजाच्या जवळ पोचला होता. मी घोड्यानं उंटावर चाल केली. उंट हलवायला एकच जागा होती, नवशिक्यालाही दिसली असती.

काका हलवेनात. घड्याळ चालू होतं त्यांचं. ते पटाकडं बघत होते, पण डोळे पटावर नव्हते. डाव्या हातानं जबडा चोळत होते, दाढ दुखताना माणूस चोळतो तसा. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, आणि पुसून होईस्तोवर पुन्हा घाम आला. जानेवारी महिना होता. हॉलमध्ये पंखे बंद होते आणि दारातला माणूस स्वेटर घालून बसला होता.

माझ्या डोळ्यांसमोर माझा मामा आला.

मामाच्या मुलीचं लग्न होतं, पौषातली थंडी सरली नव्हती, आणि मामा असाच घामानं भिजून मांडवात खुर्चीवर बसला होता. जबडा चोळत होता. सगळ्यांना सांगत होता, काय नाय, पित्त झालंय, जागरण झालं ना. कुणीतरी सोडा आणून दिला. नवरीची ओटी भरायच्या आत मामा गेला. मी जवळच उभी होते. नंतर कारखान्यात आम्हा काही जणींना प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं, तेव्हा शिकवणाऱ्या डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलं: गार घाम, जबड्यात कळ, डाव्या हाताला मुंग्या. मी ते वाचलं आणि मला वर्गात रडू फुटलं होतं.

काकांनी उंट हलवला. हलवल्यावर त्यांचा हात तिथंच राहिला, टेबलावर, मोहऱ्याच्या बाजूला. उचलायचा विसरल्यासारखा. घड्याळाचं बटण दाबायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. मागून त्यांच्या संघातला एकजण खाकरला तेव्हा त्यांनी दाबलं.

आता वेळ माझी होती. मी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

नियमानं पंचांना बोलवायचं असलं की तसं करता येतं. पंच म्हणून एक तरुण बाई होत्या, गळ्यात ओळखपत्र, चालणं तरतरीत. त्या आल्या. मी उभी राहिले. "यांना," मी म्हणाले, "यांना बरं वाटत नाही. यांना जरा बघा."

सगळ्या हॉलनं काकांकडं बघितलं. काका सावरून बसले, चेहऱ्यावर हसू आणलं. "मला काय झालंय? मी ठणठणीत हाय. ताईंना आपली पोझिशन आवडली नसंल."

लोक हसले. त्यांच्या संघाचा एकजण मोठ्यानं म्हणाला, "हे काय नवीन? प्यादं गेलं की तब्येती काढायच्या?"

पंचबाईंनी काकांना विचारलं, "सर, नक्की ठीक आहात ना? थांबायचं का थोडं?"

"खेळू द्या. चालू द्या."

त्या माझ्याकडं वळल्या. "मॅडम, प्रतिस्पर्ध्याला व्यत्यय आणता येत नाही. ही ताकीद समजा. पुन्हा असं झालं तर डाव विरोधात जाईल." त्या रागावल्या नव्हत्या, नियम सांगत होत्या. त्यांनी घड्याळ सुरू केलं.

आमचे साहेब माझ्या कानाशी वाकले. कप्तानाला बरोबरीबद्दल तेवढं बोलायची मुभा असते. पण ते दात आवळून वेगळंच पुटपुटले, "काय करताय ताई? सगळे बघतायत." आणि मागं सरले.

मी खाली बसले. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी लाजले नव्हते. कान तापले होते. वाटत होतं, खरंच मला वेड लागलंय. हरायच्या भीतीनं मलाच नाही नाही ते दिसतंय. माणूस म्हणतोय ना ठीक आहे, मग तू कोण? बैस आणि खेळ.

मी एक खेळी केली, कुठली ते आज सांगता येणार नाही. मग ठरवलं, बरोबरी मागायची. बरोबरी झाली तर हे उठतील, बाहेर जातील, कुणीतरी यांना बघंल. साहेब चिडतील, चिडू देत.

"बरोबरी?" मी विचारलं.

काकांनी मान हलवली. नाही. त्यांचं बरोबरच होतं. त्यांचं एक प्यादं जास्त होतं, कुणीही नाही म्हटलं असतं.

पुढच्या काही खेळ्या कशा झाल्या ते मला तुटक तुटक आठवतं. माझं लक्ष पटावर नव्हतंच. मी त्यांचे ओठ बघत होते. ओठांचा रंग उडाला होता. ते तोंडानं श्वास घेत होते, आणि मध्येच एखादा श्वास अडकल्यासारखा थांबायचा. तो थांबला की माझाही थांबायचा. शर्टाची पाठ ओली झालेली मागच्यांना दिसत असंल, पण मागचे सगळे पटाकडं बघत होते. एवढी माणसं त्या टेबलाभोवती होती आणि एकाचंही लक्ष माणसाकडं नव्हतं. मघापर्यंत माझंही नव्हतं.

मला दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती. माझं चुकलं तर शहरभर हसू होणार, कारखान्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. आणि माझं खरं असलं तर? तर हा माणूस माझ्या समोर, हाताच्या अंतरावर, मरायला लागला होता.

काकांनी खेळी केली आणि बटण दाबताना त्यांचा तोल किंचित गेला. मी टेबलावर वाकले. ओठ न हलवता, फक्त त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काका, छातीत दुखतंय ना?"

त्यांनी वर बघितलं नाही. मग इतक्या हळू बोलले की मला आधी कळलंच नाही.

"व्हय."

"मग उठा ना."

"उठलो तर पडंन असं वाटतंय." ते पटाकडंच बघत होते. "बसून हाय तवर बरंय. भ्या वाटतंय ताई. जरा खेळू द्या."

तेव्हा मला समजलं की करंडकाचं, जास्तीच्या प्याद्याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. ते घाबरले होते. खुर्चीत बसून आहोत, समोर पट आहे, आपली पाळी आहे, लोक बघतायत, तोवर काही वेगळं घडलेलं नाही. उठलं की ते खरं होणार. माझ्या अंगावर काटा आला, कारण मामाही असाच शेवटपर्यंत खुर्ची सोडायला तयार नव्हता.

मी घड्याळ थांबवलं आणि उभी राहिले. खुर्ची मागं पडली. ती पडल्याचा आवाज एवढा मोठा झाला की पंचबाई लांबून धावत आल्या.

"मॅडम, मी तुम्हाला सांगितलं होतं…"

"डाव द्या त्यांना," मी म्हणाले. आवाज कसला, किंचाळलेच मी. "मी हरले म्हणून लिहा. यांच्या छातीत कळ आली आहे. यांना चालवू नका. गाडी आणा कुणीतरी!"

सगळे काकांकडं वळले. या वेळी काकांनी हसायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी नुसती मान डोलावली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग गडबड उडाली. मघाशी मला टोमणा मारणारा माणूस सगळ्यात आधी पुढं आला. त्यानं काकांच्या काखेत हात घातला, तेव्हा मी ओरडले, "उचलू नका असं, खुर्चीसकट घ्या." प्लास्टिकची खुर्ची होती. चौघांनी खुर्ची धरली, त्यात आमचे साहेबही होते, आणि जिन्यावरून ती खाली निघाली. जिना अरुंद, प्रत्येक पायरीला खुर्ची कलायची आणि काका दोन्ही हातांनी कठडा पकडायला बघायचे. मी पुढं उलटी उतरत होते आणि सारखी सांगत होते, "काका, माझ्याकडं बघा, खाली बघू नका." पडले असते तर सगळे माझ्यावर आले असते.

खाली औषधाचं दुकान होतं. मी तिथं जाऊन ॲस्पिरिन मागितलं. दुकानदारानं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता पट्टी पुढं केली. "काका, कुठली गोळी चालत नाही असं काही आहे का?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. "मग ही चावा. गिळू नका, चावा." त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं.

रविवारचा औरंगपुरा. एका बाजूला हातगाड्या, दुसऱ्या बाजूला दुचाक्या, मधून माणसं. बँकेच्या एका साहेबांची कार होती, पण ती लांब लावलेली, आत येणं शक्य नव्हतं. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर ती यायला वेळ लागणार होता. एका रिक्षावाल्यानं आपणहून रिक्षा आडवी घातली. "अरे बिठाओ, बिठाओ चाचा को. मैं ले जाता." काकांना मागं बसवलं. त्यांच्या संघातला तो टोमणेवाला एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. काकांनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडेनात, म्हणून मी बसले.

रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. "ओ भाई, हटो! पेशंट है!" लोक बाजूला व्हायचे, आत डोकावायचे, आणि डोकावण्यात पुन्हा वाट अडायची. काकांचा माझ्या मनगटावरचा हात गार आणि ओला होता. डोकं सारखं खांद्यावर यायला लागलं. प्रथमोपचारात सांगितलं होतं, पेशंटला बोलतं ठेवा. काय बोलायचं? मला त्यांचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं.

"काका, तुम्ही पुढं काय खेळणार होता?"

डोळे मिटलेलेच होते. पण ओठ हलले. "हत्ती."

"हत्ती कुठं?"

"मागं… प्याद्याच्या."

"आणि मी घोड्यानं शह दिला असता तर?"

जरा वेळ गेला. "राजा वर."

"वर कुठं? काका, वर कुठं? मग मी पुन्हा शह दिला असता."

उत्तर आलं नाही. मनगटावरची पकड सैल झाली. मी त्यांच्या नाकाखाली बोट धरलं आणि मला काहीच कळेना. रिक्षा हादरत होती, गाड्यांचा धूर तोंडावर येत होता, श्वास आहे का नाही ते कळायला मार्ग नाही. "काका!" मी त्यांचा गाल थोपटला. बाजूचा माणूस एकदम रडायला लागला, मोठ्यानं, चांगला मिशीवाला माणूस. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं आणि रिक्षा उलट्या बाजूनं घातली.

ती दोन-चार मिनिटं आजही माझ्या स्वप्नात येतात. मला वाटलं, हा माणूस माझ्या अंगावर गेला. मी देवाला हाक मारली नाही, मला सुचलंच नाही. मी नुसती म्हणत होते, "राजा वर कुठं, काका, सांगा ना. राजा वर कुठं."

दवाखान्याच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्यांनी कण्हून आवाज काढला. मी तिथंच पायरीवर बसले.

आत नेल्यावर बाहेर आम्ही दोघंच. टोमणेवाल्यानं मला पाण्याची बाटली आणून दिली. म्हणाला, "ताई, मघाशी मी बोललो ते…" पुढं त्याला बोलता आलं नाही. मी बाटली घेतली. मला त्याचा राग उरला नव्हता, मला कसलंच काही उरलं नव्हतं.

त्यानं फोन केला होता, थोड्या वेळानं काकू आल्या. घरच्याच साडीत, पायात दोन वेगळ्या चपला. त्यांनी आम्हा दोघांकडं बघितलं आणि माझ्यापाशी आल्या, बहुतेक मी बाई होते म्हणून. "काय झालं ओ? सकाळी तर पोहे खाऊन गेले."

"आत नेलंय. डॉक्टर बघतायत."

"बोलत होते का?"

"हो."

"काय बोलत होते?"

मी काय सांगणार? "खेळाचंच बोलत होते," मी म्हणाले. त्या खाली बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "खेळाचं! मरतानाबी खेळाचं!" मग माझा हात धरून रडायला लागल्या. मी त्यांना धरून बसले, आणि दार उघडलं की प्रत्येक वेळी आम्ही दोघी दचकायचो. कुणी नर्स बाहेर आली, कुणी वॉर्डबॉय आला, की काकूंची नखं माझ्या हातात रुतायची. डॉक्टर येऊन म्हणाले की रक्तवाहिनी बंद झाली होती, उघडली आहे, आजची रात्र महत्त्वाची, तेव्हा काकूंना ते नीट ऐकू गेलं नाही. त्या मलाच विचारत राहिल्या, "म्हणजे हायेत ना? हायेत ना ते?"

"आहेत, काकू. आहेत."

साहेबांचा फोन मला तिथंच आला. त्यांचा आवाज वेगळाच होता. पंचांनी निर्णय दिला होता. मी हार मान्य केली हे सगळ्यांनी ऐकलं होतं, पण काका तसेही पुढं खेळू शकले असते का, यावर दोन्ही संघांत बोलणं झालं आणि शेवटी बँकेच्या कप्तानानं स्वतःच सांगितलं की आमचा खेळाडू पुढं खेळू शकत नव्हता, गुण त्यांना द्या. "करंडक आपला, ताई," साहेब म्हणाले. क्षणभर मला आनंद झाला. तो लपवायचं काही कारण नाही, झाला. मग काकूंनी विचारलं, "कुणाचा फोन?" आणि मी म्हणाले, "घरचा."

काका वाचले. पंधरवड्यानंतर मी आणि माझे मिस्टर सिडकोतल्या त्यांच्या घरी भेटायला गेलो. ते सोफ्यावर बसले होते, अंगानं उतरलेले, शर्टाची कॉलर मानेला ढिली. मला बघून उठायला लागले, मी म्हणाले, बसा. त्यांनी माझ्या मिस्टरांना सांगितलं, "यांच्यामुळं हाय मी." मग जरा ओशाळून मला म्हणाले, "ताई, मला त्यातलं काही आठवत नाय बघा. हॉलमधली ट्यूबलाईट आठवते. तुम्ही काही विचारलं आणि मी व्हय म्हणालो, एवढं आठवतं. रिक्षातलं काहीच नाय."

मला वाईट वाटलं. रिक्षातलं सगळं मला एकटीलाच लक्षात ठेवायचं होतं.

स्पर्धेचा, डावाचा विषय आम्ही काढला नाही. त्यांनी करमाडचं विचारलं, विहिरींना पाणी आहे का म्हणाले, मी वडिलांच्या मेंढरांचं सांगितलं तर किती उरली म्हणाले. मी म्हणाले, थोडीच उरलीत, आता चारायला जागाच नाही, सगळीकडं प्लॉट पडलेत. ते म्हणाले, खरंय. चहा झाला. काकूंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला, अर्धा प्यायल्यावरच.

निघताना काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मिस्टर गाडी काढत होते. काकूंनी मागं वळून दाराकडं बघितलं आणि आवाज बारीक केला.

"तुम्हाला म्हणून सांगते. त्यांना कळू देऊ नका. ते झोपले की मी उठून बसते. नाकापाशी हात धरते. हाताला श्वास लागला की बरं वाटतं, मग परत शंका येते. डॉक्टर म्हणतात आता भीती नाही." त्या हसल्या, पण तोंड वाकडं झालं. "त्यांची भीती गेली असंल. माझी कुठं गेलीय?"

मी त्यांचा हात धरला. मला सांगता आलं नाही की रिक्षात तसंच बोट मीही धरलं होतं, आणि मला काहीच लागलं नव्हतं. मी म्हणाले, "होईल हळूहळू कमी." त्या हो म्हणाल्या. आतून काकांनी हाक मारली, साधीच, पाणी मागितलं असावं, पण काकू हात सोडवून धावतच आत गेल्या.